‘करून राहिलो’ या दोन शब्दांविषयी

तारखा प्रथम नोंदवतो. इंग्रजी तारखा इथल्या नवउद्योग केंद्राच्या फाइलीत शिक्क्यांसह आहेत. मी येथे मुद्दाम सणावारांनी दिवस सांगत आहे, कारण सगळा अनर्थ सणवार न पाहण्यातूनच सुरू झाला.

पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे आमच्या नागपूरच्या मारबतीचा दिवस : सुनावणी. घटस्थापनेचा आदला दिवस : जागा रिकामी करण्याचा आदेश. दसरा : त्या आदेशाची मुदत. माघी पौर्णिमेची आदली सकाळ : मृत्यू. होळीनंतरचा पहिला सोमवार : ‘अर्जदार हयात नसल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे’, असे एका ओळीचे पत्र.

जबाबदार व्यक्ती चार. पहिली, ज्या अधिकाऱ्याने शहराच्या सुट्टीच्या दिवशी सुनावणी लावली आणि टिपण स्वतःच्या हाताने लिहिले तो. दुसरी, त्या टिपणावरून आदेशाचा मसुदा करणारा विधी सल्लागार. तिसरी, मसुद्यावर सही करणारे आणि त्यानंतर माझ्या एकाही पत्राला उत्तर न देणारे केंद्राचे संचालक. चौथा मी. माझा क्रमांक शेवटचा आहे, अपराध शेवटचा नाही.

ज्याच्याविषयी हे लिहीत आहे त्याचे नाव येथे देणार नाही. त्या फाइलीत ते पुरेसे खराब झाले आहे.

तो माझ्याकडे आला तो भाडेकरू म्हणून. माझे घर लकडगंजात, आणि घराच्या मागच्या भिंतीला लागून लाकडाचा आरा. सकाळी नऊपासून करवत सुरू झाली की मागच्या खोलीत शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. त्यामुळे ती खोली वर्षानुवर्षे रिकामी होती. हा गृहस्थ आला, पुढची हवेशीर खोली त्याने पाहिलीही नाही.

“काका, मले आऱ्याकडची खोली पाहिजे.”

“काहून गा? तिकडे दिवसभर करवत ओरडते.”

“म्हनूनच त पाहिजे. ज्याले करवतीत ऐकू येते, त्याले इतवारीत ऐकू येईन.”

इतवारी म्हणजे आमच्या शहराचा गजबजलेला ठोक बाजार. मी त्याला वेडसर समजलो. न्यायालयात पस्तीस वर्षे दप्तर सांभाळल्यामुळे माणूस बोलू लागला की त्याचा हेतू शोधण्याची मला सवय आहे. याच्या बोलण्यात हेतू सापडेना, म्हणून मी भाडेकरार दोनदा वाचून घेतला आणि त्यालाही वाचायला लावला. “न वाचता सही करायची नाही,” असे मी त्याला बजावले. हे वाक्य मी आयुष्यात शेकडो लोकांना ऐकवले आहे.

तो मूळचा नागपूर जिल्ह्यातल्या खाप्याचा. वडील विणकर. आजोबांनी छप्पन साली नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, हे तो पहिल्याच भेटीत सांगे, इतर लोक पदवी सांगतात तसे. स्वतः तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होता. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ती नोकरी त्याने सोडली, कारण त्याला एक यंत्र करायचे होते. त्या यंत्राचे नाव त्याने ठेवले होते ‘कान’.

कान काय करतो, हे मला समजायला दोन महिने लागले. वाचकांना दोन वाक्यांत सांगतो. इतवारीतल्या दुकानदाराने एका नंबरवर फोन करून आपल्या बोलीत सांगायचे, माल कुठे न्यायचा आहे. टेम्पोवाल्याने त्याच नंबरवर सांगायचे, आपली गाडी कुठून कुठे रिकामी चालली आहे. दोघांचे बोलणे कान समजून घेणार आणि त्यांची गाठ घालून देणार. ना टंकलेखन, ना इंग्रजी, ना पडद्यावरची चित्रे. ज्यांना लिहिता येत नाही किंवा लिहायला हात मोकळे नाहीत, त्यांच्यासाठी हे सारे होते.

अडचण अशी की बाजारात मिळणारी ऐकणारी यंत्रे पुस्तकी मराठी ऐकत. ‘मला’ म्हटले की त्यांना समजे, ‘मले’ म्हटले की ती गप्प बसत. म्हणून त्याने विदर्भाचे बोलणे गोळा करायला सुरुवात केली. त्याच्या शर्टाच्या खिशात कायम एक मायक्रोफोन असे आणि वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून त्यावर तान्ह्या बाळाचे लोकरी टोपडे चढवलेले असे. भाजीवाली, पोस्टमन, माझ्याकडे आलेले पाहुणे, कोणीही सुटत नसे. टोपडे समोरच्याच्या हनुवटीखाली धरून तो म्हणे, “एक वाक्य द्या नं.” माझ्या व्याह्यांना तो भीक मागत आहे असे वाटले आणि त्यांनी त्याला केळे दिले. त्याने ते खाल्ले आणि मग वाक्यही घेतले.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर गावोगावचे लोक येत. हा सकाळपासून रांगेच्या कडेला पाण्याचे पेले वाटत उभा राही आणि प्रत्येकाला एकच विचारी, “तुमच्या गावाले ‘का’ ले का म्हनते?” काहून, कामून, कायले, कशापाई. ही उत्तरे तो शाळकरी वहीत गावानुसार लिहून ठेवी. त्या वह्या आज माझ्या कपाटात आहेत. मी त्या चाळतो तेव्हा वाटते, एवढ्या माणसांना ‘का’ विचारणाऱ्या माणसाला कोणीही एकदासुद्धा विचारले नाही.

‘स्टार्टअप’ हा शब्द त्याला आवडत नसे. “काका, गाडी स्टार्ट त झाली, पन अप जाऊन नाही राहिली,” असे म्हणून तो स्वतःच हसे. त्याचे दुसरे एक वचन होते, ते तो हसत म्हणत नसे : “ऐकू येनं वेगळं आन् समजनं वेगळं.”

त्याच्याबरोबर काम करणारी एकच अभियंता होती, कामठीची एक मुलगी. ती त्याला ‘सर’ म्हणे आणि त्याच्यावर ओरडेही. “सर, तुम्ही नवीन वाक्य आनू नका आता, जुने समजू द्या त्याले!” यंत्राला ती ‘त्याले’ म्हणे, घरातल्या धाकट्याला म्हणावे तसे.

कानाची पहिली परीक्षा इतवारीत झाली. मी हजर होतो. भांड्यांचा एक ठोक व्यापारी, गल्ला सोडून कधी न उठणारा, त्याला म्हणाला, “मागच्या साली दोन पोट्टे आल्ते असंच काही घेऊन. ॲप दाखवलं, फोटो काढले, आन् पुन्याले निघून गेले. तू कधी जातं?”

“मी खाप्याच्या पुढं नाही जात, शेठ.”

“माया नोकर ऐकत नाही बे, तुहं मशीन ऐकन का?”

“बोलून त पाहा.”

व्यापाऱ्याने फोन असा धरला की जणू तो उष्टा आहे, आणि हमालावर ओरडावे तसा ओरडला, “ए, लकडगंजले जाची खाली गाडी हाये का कोनती?”

फोनमधून एका बाईचा शांत आवाज आला. तो माझ्या भाडेकरूच्या मोठ्या बहिणीचा होता. खाप्याला जाऊन त्याने तो शब्दाशब्दाने ध्वनिमुद्रित केला होता. “हौ. येऊन राहिली. जरा दम धरा.”

आणि थोड्या वेळाने हातगाड्यांच्या गर्दीतून वाट काढत एक टेम्पो खरोखरच दुकानापुढे येऊन थांबला. व्यापारी टेम्पोकडे पाहत राहिला नाही. फोनकडे पाहत राहिला. “हे त आपल्यातलंच हाये गा,” तो म्हणाला. मी त्या क्षणी माझ्या भाडेकरूचा चेहरा पाहिला. कोणत्याही पारितोषिक वितरणात मी तसा चेहरा पाहिलेला नाही.

याच सुमारास शहराबाहेर रिंगरोडलगत नवउद्योगांसाठी एक केंद्र उघडले. काचेची इमारत, रंगीत उशा, भिंतींवर इंग्रजी सुवचने. नव्या कल्पनांना जागा, अखंड वीज आणि मार्गदर्शन देणे हा त्याचा घोषित उद्देश. निवड समितीपुढे त्याने कान ऐकवला. समितीतील एक तज्ज्ञ म्हणाले, “कल्पना चांगली आहे, पण भाषा जरा शुद्ध करून आणा.” तो म्हणाला, “साहेब, भाषा शुद्ध केली त गिऱ्हाईक अशुद्ध होते.” दुसऱ्या तज्ज्ञाने विचारले, बेंगळुरूला का जात नाही? तो म्हणाला, “तिथं मले ‘काहून’ कोन म्हनन?” समिती हसली, आणि हसल्यामुळेच असेल, त्याला एक खोली मिळाली.

वाटपाच्या अटी मी वाचल्या होत्या. सहावी अट अशी : ज्या कामासाठी जागा दिली ते पूर्ण होताच सात दिवसांत ती सोडावी; न सोडल्यास तेथील वास्तव्य अनधिकृत समजले जाईल आणि अर्जदार पुढील टप्प्यास अपात्र ठरेल. पुढील टप्पा म्हणजे शहरातील सर्व मालवाहू अड्ड्यांवर कान चालवण्याची परवानगी. त्याचे सर्वस्व त्या परवानगीत होते. ती मिळेल या भरवशावर कामठीची मुलगी पुण्याच्या नोकरीचे बोलावणे दोनदा नाकारून बसली होती.

तक्रार अशी झाली की त्याने रंगीत उशांच्या दालनात इतवारीचे हमाल आणून बसवले. ते खरे होते. त्यांची वाक्ये हवी होती आणि उन्हाळा होता. केंद्राने नोटीस काढली : काम कोठवर आले, जागा अजून का लागते, याचा खुलासा प्रत्यक्ष हजर राहून करावा. दिवस दिला मारबतीचा.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. त्या दिवशी बांबू-कागदाच्या प्रचंड मारबती आणि बडगे, म्हणजे बायापुरुषांच्या प्रतिमा, यांची मिरवणूक निघते, सगळे शहर रस्त्यावर येऊन ‘इडापिडा घेऊन जा गे मारबत’ असा पुकारा करते आणि मग त्या प्रतिमा जाळल्या जातात. शहराला सुट्टी असते. केंद्र स्वायत्त असल्याने त्याला ती लागू नव्हती म्हणे. परंतु केंद्राच्या लघुलेखिका बाई इतवारीतल्या, त्यांनी रजा घेतली होती. सुनावणीचे टिपण घ्यायला म्हणून दुसरे कोणी नव्हते. मुंबईहून नुकताच बदलून आलेला अधिकारी ते स्वतः लिहू लागला. तो सभ्य होता, हेही नोंदवतो. त्याने आम्हाला चहा विचारला. मी प्रतिनिधी म्हणून शेजारी बसलो होतो. पुढील संवाद मला अक्षरशः आठवतो.

“काम पूर्ण झालं की नाही, एवढंच सांगा.”

“पूर्ण करून राहिलो नं साहेब. दुसरं का करून राहिलो?”

“बरं. पूर्ण करून राहिलात. आणि जागा?”

“तिथंच बसून राहिलो.”

“तिथंच बसून राहिलात?”

“हौ नं. कुठं जाऊ?”

अधिकाऱ्याने मान हलवली आणि लिहिले. मग कागद माझ्यापुढे सरकवला. मी चष्मा लावला आणि दोनदा वाचले : ‘अर्जदार म्हणतात, काम पूर्ण करून राहिलो. तेथेच बसून राहिलो.’ एकही शब्द चुकलेला नव्हता. मी खाली लिहिले, ‘वाचले, बरोबर आहे’, आणि सही केली.

घरी मी ‘मले’ म्हणतो आणि कागदावर ‘मला’ लिहितो. आयुष्यभर या दोहोंमध्ये मी भिंत राखली. त्या दिवशी कागद वाचताना मात्र माझे डोळे न्यायालयातले नव्हते, कान घरचे होते. ‘करून राहिलो’ म्हणजे ‘करतो आहे’. हे आमच्याकडे पाळण्यातल्या मुलाला कळते. ते दुसऱ्या कोणाला न कळण्याची शक्यता मला शिवलीही नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आदेश आला. ‘अर्जदाराने काम पूर्ण केले असून त्यानंतरही तो सदर जागेत निष्कारण बसून राहिल्याचे त्याने स्वतः कबूल केले आहे. सबब सहाव्या अटीनुसार वास्तव्य अनधिकृत ठरवण्यात येत आहे.’ दसऱ्यापर्यंत जागा सोडायची. पुढील टप्प्यास अपात्र.

त्याने आदेश वाचला आणि तो मोठ्याने हसला. “काका, हे मायं मशीन पयले त्याईच्या आफिसात बसवाले पाहिजे होतं!” मग तो पुन्हा वाचू लागला, आणि या वेळी अर्ध्यावर थांबला.

मी अपील केले. मुद्देसूद, परिच्छेद क्रमांकांसह. क्रियापदाचा विदर्भातील अर्थ काय, हे सांगणारी लघुलेखिका बाईंची लेखी साक्ष जोडली. त्या मला म्हणाल्या होत्या, “मी राहिली असती नं काका, त पुढं कंसात लिहिलं असतं, ‘काम चालू’. चार अक्षरं.” अपिलाचा निकाल चार ओळींचा आला. टिपणावर अर्जदाराच्या प्रतिनिधीची ‘वाचले, बरोबर आहे’ अशी सही असल्याने हरकतीस आधार नाही.

म्हणजे दरवाजा त्यांनी लोटला, कडी मी घातली.

दसऱ्याच्या सकाळी सामान हलवायचे होते. तो आला नाही. नेहमीप्रमाणे दीक्षाभूमीवर रांगेच्या कडेला पाणी वाटत उभा होता. कामठीची मुलगी आणि मी, आम्ही दोघांनी त्याची यंत्रे टेम्पोत चढवली. तो टेम्पो तिने कानालाच फोन करून बोलावला होता. बहिणीचा आवाज म्हणाला, “हौ. येऊन राहिली.” त्या मुलीने फोन ठेवला आणि ती काचेच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

दिवाळीनंतर ती पुण्याला गेली. ‘अनधिकृत’ हा शब्द ज्याच्या नावापुढे लागला त्याच्याशी व्यवहार करायला कोणी तयार होईना. जे विचारायला येत ते आधी आदेश वाचून येत. तिचा एकदा फोन आला. “काका, इथं ‘मले’ म्हटलं की हसतात. मी आता ‘मला’ म्हणते. सरांना सांगू नका.” मी सांगितले नाही. तिच्या बोलण्यातून त्याला ते आपोआप कळले असणार. ऐकणे हाच त्याचा व्यवसाय होता.

तो पुन्हा माझ्या मागच्या खोलीत आला, करवतीच्या आवाजात. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच मला सहन होत नव्हते. शेवटी एक दिवस मीच जिन्यात अडवून म्हणालो, “मी सही करायला नको होती.” तो दोन पायऱ्या वर होता. खिशातले टोपडे सारखे करत म्हणाला, “काका, तुम्ही बरोबरच वाचलं. त्याईनं चूक वाचलं. तुम्ही काहून झुरून राहिले?”

माघी पौर्णिमेच्या आदल्या सकाळी, आरा सुरू होण्यापूर्वी, त्याच जिन्यावर तो बसला आणि उठला नाही. हृदय, असे डॉक्टर म्हणाले. आदेशाने हृदय बंद पडले असा दावा मी करणार नाही. ते सिद्ध करता येणार नाही आणि जे सिद्ध करता येत नाही ते मी लिहीत नाही. सिद्ध करता येते ते एवढेच : त्याचे काम मरेपर्यंत चालू होते, आणि शासकीय दप्तरात ते दसऱ्यापूर्वीच संपलेले आहे.

अपिलानंतर मी दिलेला फेरविचाराचा अर्ज प्रलंबित होता; त्यावर होळीनंतर ते एका ओळीचे पत्र आले. अर्जदार हयात नाही, सबब प्रकरण निकाली. माणूस गेला की त्याच्याविषयी लिहिलेले खोटे आपोआप खरे होते, असा नियम मला कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सापडलेला नाही.

कान अजून चालू आहे. कामठीची मुलगी पुण्याहून रविवारी त्याची देखभाल करते. परवा मी मागच्या खोलीत गेलो. आरा चालू होता. मी आयुष्यात प्रथमच तो नंबर लावला. बहिणीचा आवाज आला, “हौ, बोला.” मी टिपणातले वाक्य जसेच्या तसे उच्चारले : काम पूर्ण करून राहिलो. करवतीच्या त्या गोंगाटात खोलीतल्या यंत्राच्या पडद्यावर अक्षरे उमटली : ‘काम चालू आहे.’

त्या पडद्याची छापील प्रत मी संचालकांकडे नोंदणीकृत टपालाने पाठवली आहे. पोच माझ्याकडे आहे.

आता माझी मागणी. मला भरपाई नको, सत्कार नको, त्याच्या नावाचे दालन नको. संचालकांनी याच शहरात, जाहीर सभेत, लघुलेखिका बाई आणि इतवारीचे हमाल समोर बसलेले असताना, एका प्रश्नाचे उत्तर द्यावे : जो माणूस ‘काम पूर्ण करून राहिलो’ म्हणाला, तो काय म्हणाला? आणि ते उत्तर मूळ टिपणाच्या समासात, माझ्या सहीच्या शेजारी, स्वतःच्या हाताने लिहावे. बंद लिफाफ्यातले उत्तर मी स्वीकारणार नाही.

ते येईपर्यंत मी पत्रे लिहून राहिलो. हे वाक्य कसे वाचले, तेही त्यांनी कळवावे.